बेवारसांची दाढी

शवागाराचा कारभार हाती घेऊन बाईंना आठवडाही झाला नव्हता, तोच त्यांची नजर म्हाताऱ्यावर गेली. प्रेतं धुणारा हा म्हातारा कामाला वाघ, पण बोलायला घुम्या. खिशात बायबल घेऊन फिरायचा म्हणून सगळे त्याला 'पाद्री' म्हणत. ज्याला न्यायला घरचे येणार, त्याला तो अर्ध्या तासात धुऊन मोकळा होई. बेवारस आला, की मात्र दाराला आतून कडी, आणि तासभर पत्ता नाही.

बाईंच्या मनात पाल चुकचुकली. ज्याच्यामागे विचारणारं कुणी नाही, नेमकी त्याच्याच वेळी कडी कशाला? बोटातली अंगठी? सोन्याचा दात? आधीच्या जागी एका गोडबोल्याने औषधांचं कपाट साफ केलं होतं आणि खापर बाईंच्या डोक्यावर फुटलं होतं. पुन्हा तसं झालं, तर नोकरीवर पाणी सोडावं लागणार होतं.

त्या दुपारी त्यांनी दार ठोठावलं. म्हाताऱ्याने उघडलं. टेबलावर एक बेवारस, त्याच्या गालांवर साबणाचा फेस, आणि म्हाताऱ्याच्या हातात वस्तरा.

"हे काय चाललंय?"

"दाढी करतोय, बाई."

"याला आता कोण बघणार आहे?"

"म्हणून तर. देवानं माणूस आपल्या प्रतिरूपाचा घडवला, असं आम्ही मानतो. ते रूप असं मळलेलं कसं मातीत देऊ?"

"आणि कडी?"

"बाकीचे हसतात. मला हसले तर हसू देत. याला नको."

बाईंना काडीचंही पटलं नाही. इतकं साधं कारण असलेला माणूस त्यांनी आजवर पाहिला नव्हता. वस्तरा त्यांनी आपल्या कपाटात टाकला, कुलूप लावलं, दाराची कडीही काढून खिशात घातली. पुढचे दहा दिवस त्या दारापाशी घिरट्या घालत होत्या. म्हातारा मुकाट्याने धूत होता. अंगठी एकही गेली नाही, याचाही बाईंना संशयच आला.

अकराव्या दिवशी एक बहीण आपल्या हरवलेल्या भावाचा फोटो घेऊन आली. फोटोत गुळगुळीत चेहरा, हनुवटीवर जुना व्रण. टेबलावर होता तो छातीपर्यंत दाढी वाढलेला माणूस. तिने बराच वेळ पाहिलं.

"नाही. हा आमचा दादा नाही."

ती वळली. म्हातारा कपाटाकडे पाहत राहिला. बाईंना त्याचा राग आला. मग त्याहून जास्त भीती वाटली.

"थांबा जरा," त्या बहिणीला म्हणाल्या, "बाहेर बसा." आणि त्यांनी कुलूप उघडलं.

म्हाताऱ्याने फेस लावला, हलक्या हाताने वस्तरा फिरवला. हनुवटी उघडी पडली. व्रण तिथेच होता.

बहीण आत आली. भावाच्या गालावर तिने हात ठेवला आणि तसाच राहू दिला. "दार लावता का?" ती म्हणाली. बाईंनी खिशातली कडी काढून म्हाताऱ्याच्या हातात दिली आणि त्या बाहेर आल्या.

बाकावर बसल्यावर त्यांना ते जोडपं आठवलं. गेल्या आठवड्यात अशाच एका दाढीवाल्याला पाहून दोघांनी माना हलवल्या होत्या. 'आमचा मुलगा नव्हे,' म्हणाले होते. त्याला पुरून आता चार दिवस झाले होते.