मेणातले दात

गल्लीत त्या दोघी बहिणींना त्यांच्या नावाने कोणीच हाक मारत नसे. एक थोरली आणि एक धाकटी. थोरली शाळेत शिकवून निवृत्त झालेली, धाकटी पन्नाशी ओलांडून चार वर्षं झालेली, तरी ती धाकटीच. दोघींनी लग्नं केली नाहीत. दोन खोल्यांत दोघींनी संसार केला, तोही भांडत-तंडत आणि मजेत. मग एका हिवाळ्यात थोरलीला खोकला लागला. खोकल्याचं निमित्त झालं, आणि बघता बघता थोरली गेली.

धाकटी रडली नाही. रडू येईल म्हणून तिने वाटही पाहिली. दादा आणि वहिनी आले, आठवडाभर राहिले, वहिनी म्हणाली, "आता तू आमच्याकडेच चल." धाकटी म्हणाली, "बघू." ते गेल्यावर तिने भांडी घासली, दार लावलं आणि पलंगावर बसून राहिली. पाय बधिर झाल्यावर त्याला चिमटा काढला तर कसं होतं, आपल्याच पायाला काढतोय हे कळतं पण लागत नाही, तसं तिचं सगळंच झालं होतं.

लोक चांगले वागत होते. तेवढं तिला दिसत होतं. बेकरीवाला पूर्वी अख्खा पाव द्यायचा, आता काही न विचारता अर्धा कापून कागदात गुंडाळून ठेवायचा. खालच्या मजल्यावरच्या काकू तिचे वाळलेले कपडे काढून घड्या घालून वर आणून द्यायच्या. बसचा ड्रायव्हर तिला लांबून येताना पाहून गाडी थांबवायचा. ती सगळ्यांचे आभार मानायची, अगदी नीट, तोंडभरून. पण दुसऱ्या कुणाचं सामान चुकून आपल्या दारात येऊन पडावं, तसं तिला वाटायचं. घ्यायचं, बाजूला ठेवायचं, दार लावायचं.

ती कवळ्या बनवायच्या लॅबमध्ये होती. दातांचे डॉक्टर जबड्याचा ठसा पाठवत, त्यावरून प्लॅस्टरचा जबडा तयार होई, आणि त्यावर मेणाची हिरडी बसवून तीत एकेक दात रोवायचं काम धाकटीचं. मेणातली कवळी मग डॉक्टरकडे जायची, म्हाताऱ्यांच्या तोंडात घालून बघितली जायची, आणि पसंत पडली की परत येऊन पक्की व्हायची. धाकटीचा हात या कामात फार चांगला होता. थोरली तिला चिडवायची, "अख्ख्या गावाला तू दात देतेस, आणि गावात सगळ्यात कमी हसणारी बाई तूच."

लॅबमध्ये दात लावणारी दुसरी एक बाई होती. धाकटीपेक्षा सात-आठ वर्षांनी लहान, जाडजूड, सतत काहीतरी गुणगुणणारी. तिला औषधांचा वास सोसत नसे म्हणून ती खिडकी उघडी ठेवायची, आणि वाऱ्याने धाकटीच्या स्पिरिटच्या दिव्याची ज्योत विझायची. यावरून त्यांचं एकदा चांगलंच वाजलं होतं. तेव्हापासून कामापुरतं बोलणं. घरी दोघी बहिणी तिला खिडकीबाईच म्हणत. "आज खिडकीबाई काय म्हणाली?" असं थोरली जेवताना विचारायची, आणि धाकटी रंगवून रंगवून सांगायची.

थोरली गेल्यावर, दादा-वहिनी घरात असतानाच, धाकटी चौथ्या दिवशी कामावर आली. मालक म्हणाले, "अजून थोडे दिवस घ्या हवं तर." ती म्हणाली, "नको." मेण वितळवायचं, दात उचलायचा, रोवायचा, सुरीने कडा सारखी करायची. हात चालत होते, तेवढं पुरे होतं. डॉक्टरांकडून कसलीच तक्रार आली नाही. दोनदा तर मालकांनी मुद्दाम येऊन सांगितलं की डॉक्टर तुमच्या कामावर खूश आहेत.

असे दोन-अडीच महिने गेले. एके सकाळी तिला फार लवकर जाग आली. घरात बसवेना. काय करायचं म्हणून ती लवकरच्या बसने निघाली आणि लॅबवर पोचली. दार उघडं होतं. आत खिडकीबाई होती, आणि ती धाकटीच्या टेबलाशी बसली होती.

तिच्यासमोर धाकटीने काल संध्याकाळी लावून ठेवलेली कवळी होती. खिडकीबाई तापवलेल्या सुरीने समोरचे दात एकेक करून सैल करत होती आणि किंचित उजवीकडे सरकवत होती. चष्मा नाकावर घसरलेला, जीभ दातांत धरलेली. शेजारी आणखी दोन जबडे ओळीने मांडलेले होते, तेही धाकटीचेच.

"काय चाललंय हे?" धाकटीने विचारलं.

खिडकीबाईने दचकून वर पाहिलं. सुरी खाली ठेवली. "तुम्ही आज लवकर आलात."

"माझ्या कामाला हात कशाला लावताय?"

"समोरच्या दोन दातांमधली रेघ सरकते तुमची," खिडकीबाई म्हणाली. "डावीकडे. थोडीशीच. आणि मागच्या दाढा एका बाजूला उंच होतात. चावायला गेलं की कवळी उचलली जाते."

"कधीपासून?"

"तुम्ही परत आलात तेव्हापासून."

धाकटीने पुढे होऊन जबडा उचलला आणि उजेडात धरला. दोन दात सरळ केलेले होते, बाकीचे तिने लावले तसेच होते. वाकडे होते. पोरासोरांनी लावावेत तसे होते. तीस वर्षं हेच काम केलेल्या बाईला ते रोज संध्याकाळी दिसलं नव्हतं.

तिला राग आला. कान तापले. आणि त्या रागाचंच तिला नवल वाटलं, कारण कितीतरी दिवसांनी आत काहीतरी हललं होतं.

"मला सांगायचं होतं," ती म्हणाली. "मालकांना सांगायचं होतं."

"मालकांनी तुम्हाला रजा दिली असती. घरी बसून काय केलं असतंत?"

धाकटीने जबडा टेबलावर ठेवला.

"माझे वडील गेले," खिडकीबाई चष्मा पुसत म्हणाली, "तेव्हा मी नवऱ्याला साखरेऐवजी मीठ घातलेला चहा दिला. दोन वेळा."

"मग?"

"प्यायला."

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा. काही बोलला नाही. मला मागाहून कळलं, मी चव घेतली तेव्हा." तिने चष्मा परत नाकावर चढवला. "तेव्हा मी त्याच्याशी अशी काही भांडले की विचारू नका. तुम्ही पण भांडा हवं तर."

धाकटी भांडली नाही. ती स्टूल ओढून टेबलाशी बसली. खूप वेळ तिने त्या दातांकडे पाहिलं. रोज सकाळी ही बाई आपल्याआधी येते, आपल्या खुर्चीत बसते, आपण बिघडवलेलं नीट करते, आणि मग स्वतःच्या जागेवर जाऊन दिवसभर अबोला धरून काम करते. डॉक्टर खूश होते ते हिच्या हातावर. आभार मानायला हवेत, असं धाकटीला वाटलं. बेकरीवाल्याला, काकूंना ती सहज म्हणायची ते शब्द आता तिला म्हणता येईनात.

"दाखवा," ती म्हणाली. "कुठे सरकतेय ते दाखवा मला."

खिडकीबाईने खुर्ची तिच्याजवळ घेतली आणि सुरीच्या टोकाने दाखवलं. धाकटीने सुरी तापवली. पहिला दात तिने सरळ केला असं तिला वाटलं. खिडकीबाई म्हणाली, "अजून जरा." तिने अजून जरा केला. "आता बरोबर."

त्या दिवसापासून तसंच सुरू झालं. संध्याकाळी काम संपलं की धाकटी आपले जबडे शेजारच्या टेबलावर नेऊन ठेवायची. खिडकीबाई गुणगुणत ते बघायची, बोट दाखवायची, धाकटी दुरुस्त करायची. फार बोलणं नव्हतं. कधी खिडकीबाईच्या नवऱ्याचा विषय निघे, कधी मालकांच्या केसांच्या नव्या टोपाचा. घरी आल्यावर धाकटी पूर्वीसारखीच पलंगावर बसून राहायची. दादाचा फोन यायचा, "जेवलीस का?" ती म्हणायची, "हो." कधी खरं असायचं, कधी नसायचं. रडू अजूनही आलं नव्हतं. पण वाकडा दात तिचा तिला दिसू लागला होता, आधी एखादा, मग बहुतेक सगळे.

उन्हाळा लागता लागता एका संध्याकाळी तिने चार जबडे नेऊन ठेवले. खिडकीबाईने एकेक उचलून बघितला, उलटा धरला, खालचा-वरचा एकमेकांवर बसवून बघितला.

"यात काही नाही," ती म्हणाली.

"नीट बघा."

"बघितलं. काही करायचं नाही."

धाकटी तिथेच उभी राहिली. आनंद व्हायला हवा होता, तो झाला नाही. उलट हातातलं काहीतरी काढून घेतल्यासारखं वाटलं. उद्यापासून या टेबलाशी यायला कारण नव्हतं.

"उद्या पण आणते," ती म्हणाली. "खात्री केलेली बरी."

खिडकीबाईने तिच्याकडे पाहिलं. "आणा की," ती म्हणाली, आणि आपलं सामान आवरू लागली.