हे बघतं कोण?

मित्रांनो, मी एक जुनं, दमलेलं टीव्ही केंद्र आहे. मिनेसोटातल्या टॅमरॅक फॉल्स गावी, हायस्कूलच्या तळघरात, बॉयलरच्या खोलीला लागून माझा संसार आहे. माझा मालक म्हणजे शाळामंडळ. एकेकाळी माझं फार कौतुक होतं. बर्फ पडला की शाळेला सुट्टी आहे का, हे मीच सांगायचो. पोरं दात न घासता माझ्यासमोर येऊन बसायची. आता त्यांना ते फोनवर कळतं. माझे दिवे मिणमिणतात, कॅमेऱ्याची मान मध्येच अडकते, आणि खरं सांगायचं तर कंटाळा येतो.

व्हर्नाबाई मला एकट्या सांभाळतात. पूर्वी त्या तिसरीला शिकवायच्या. आता मंडळाच्या सभा गावाला दाखवतात. गेल्या सोमवारच्या सभेत विषय होता मला बंद करण्याचा. प्रत्येक सभा दाखवायची असा मंडळाचाच नियम, म्हणून तीही मीच दाखवत होतो.

अध्यक्ष कर्ट हाल्वर्सन खुर्चीत पसरून म्हणाला, "भावना बिवना ठीक आहे हो, पण हे बघतं कोण?"

तेवढ्यात कॅमेऱ्याशेजारी ठेवलेला केंद्राचा फोन वाजला. कॅमेऱ्यावरचा हात न काढता व्हर्नाबाईंनी तो घेतला. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "कर्ट, वृद्धाश्रमातून तुझी आई बोलतेय. म्हणतेय, ताठ बस. आणि तो शर्ट पुन्हा घालू नकोस, पोट दिसतं."

हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. कर्ट लाल झाला आणि निमूट ताठ बसला. मला वाटलं, वाचलो! पण मतदानाला बहुतेक हात मला बंद करण्यासाठीच वर गेले, त्यात त्याचाही होता. जूनअखेर माझा कारभार आटोपणार. वाईट वाटलं. राग आला नाही. रागालाही अंगात बळ लागतं.

सभा उठल्यावर व्हर्नाबाई वायरी गुंडाळत होत्या. कर्ट त्यांच्यापाशी रेंगाळला.

"बाई, आई मला नेहमी बघते?"

"दर सभेला. मग मला फोन करून विचारते, वाळलाय का गं तो?"

"आता ती काय बघणार?"

"तुला बघेल की. जाऊन बस तिच्यासमोर."

मित्रांनो, मला वाचवा असं मी म्हणत नाही. पण माझ्या पडद्यावर आपली माणसं शोधणारे म्हातारे गावात बरेच आहेत. मी गेल्यावर त्यांच्याकडे तेवढं जात जा.

कर्ट गाडी घेऊन निघाला, तो घराकडे वळला की आईकडे, मला ठाऊक नाही. रस्त्यावर माझा कॅमेरा नाही.