खालच्या मजल्यावरचे प्रस्थान

मित्रांनो, मी वेताची पेटी आहे, आणि आता माझे वय झाले आहे. माझ्या जातीच्या पेट्या हल्ली फारशा दिसत नाहीत, म्हणून आधी माझ्या जन्माविषयी थोडे सांगते.

माझा वेत आसामच्या ओल्या रानात वाढला. तेथून तो कलकत्त्याला आला. सियालदह स्टेशनाजवळ एका अरुंद दुकानात एका म्हाताऱ्या कारागिराने मला विणले. तो वेत आधी पाण्यात भिजवी आणि मग विस्तवाची धग देऊन वाकवी. दर वेळी मला वाटे, आता मी मोडते. मोडले मात्र नाही. मला पितळेची कडी लावली, वर धरायला मूठ केली आणि दुकानाच्या दारात टांगून ठेवले. तेव्हा मला वाटले की पेटी झाले म्हणजे आता गावोगाव फिरायला मिळणार.

मला सदाशिवराव नावाच्या मराठी गृहस्थांनी विकत घेतले. ते टपाल खात्यात अधिकारी होते. बदलीवर कलकत्त्याला आले आणि निवृत्त झाल्यावरही बागबाजारातल्या एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर राहिले. त्यांच्या पत्नी कालिंदीबाई. त्यांनी माझ्यात थंडीच्या रजया कोंबल्या, कडी लावली आणि मला कपाटावर चढवले. तेथे मी अनेक वर्षे होते. समोर छत, बाजूला भिंत आणि अधूनमधून एक पाल. रेल्वेने येणाऱ्या पाहुण्यांच्या हातात पेट्या, वळकट्या बघून मला हेवा वाटायचा. कोणी मला खाली काढले, तर ते फक्त रजया काढण्यासाठी.

मित्रांनो, ज्याला कोंडून ठेवले आहे त्याला दुसरे कोंडलेले माणूस लवकर ओळखू येते. तसे मी वृंदाला ओळखले.

वृंदा ही त्या घरची सून. तिचा नवरा चारुदत्त इंजिनियर होता. आफ्रिकेत दारेसलामच्या बंदरावर त्याला नोकरी मिळाली आणि तो एकटाच पुढे गेला. तेव्हा त्यांची मुलगी लीना रांगत होती. ती अडीच वर्षांची झाली तेव्हा त्याला तिकडे घर मिळाले, आणि त्याने दोघींना बोलावले. एकोणीसशे सत्तरच्या सुमाराची ही गोष्ट. हावड्याहून रेल्वेने मुंबई आणि मुंबईहून आगबोट, असा प्रवास होता. वृंदा त्याआधी समुद्रावर कधी गेली नव्हती.

तिने मला कपाटावरून उतरवले, ओल्या फडक्याने पुसले आणि गच्चीवर वाऱ्याला ठेवले. लीनाचे सामान माझ्यात ठेवायचे असे तिने ठरवले होते. इतक्या वर्षांनी ऊन लागले तेव्हा माझे सगळे वेत करकरले.

त्यानंतर रोज दुपारी वृंदा माझ्यासमोर बसून सामान भरी आणि पुन्हा बाहेर काढी. जुन्या लुगड्यांची मऊ दुपटी. मेतकुटाचा डबा. भाजून दळलेल्या तांदळाचे पीठ, म्हणजे आगबोटीवर गरम पाणी मिळाले की पेज होईल. बोट लागली तर चघळायला आवळासुपारी. उकळलेल्या पाण्यासाठी फिरकीचा तांब्या. लीनाला देवी टोचून आणल्या होत्या. तिचा दंड सुजला होता आणि ती सगळ्यांना बाही वर करून दाखवी. त्या काळी लहान मुलाला वेगळा पासपोर्ट लागत नसे. आईच्याच पासपोर्टात लीनाचे नाव घातले होते.

कालिंदीबाई हे सगळे बघत होत्या. प्रवास अगदी जवळ आला तेव्हा त्या म्हणाल्या, "वृंदा, तू हो पुढे. घर लाव. लीना राहील माझ्यापाशी."

वृंदाच्या हातातले दुपटे तसेच राहिले. "आई, तिला देवीसुद्धा टोचल्यात. पासपोर्टात नाव आहे तिचं."

"नाव असलं म्हणजे जावंच लागतं का? परमुलूख तो. पाणी कसलं, हवा कसली, ताप आला तर डॉक्टराशी बोलणार कुठल्या भाषेत? वर्षा-दोन वर्षांनी बघू."

वृंदाने सासऱ्यांकडे पाहिले. सदाशिवरावांनी वर्तमानपत्र उलटे केले आणि मागचे पान वाचायला घेतले.

तिने नवऱ्याला तारेने कळवले. त्याचे उत्तर आले की आई म्हणेल तसे करा. त्या घरात सुनेने समोर उभे राहून नाही म्हणायची रीत नव्हती. एकटीने जायचे तर लेक मागे राहणार, आणि न जावे तर संसारच मागे राहणार. ती दुपारी माझ्यासमोर बसे, पण आता काही भरत नसे. माझी कडी नुसती उघडायची आणि लावायची.

कालिंदीबाई दुष्ट होत्या असे मात्र समजू नका. इतकी वर्षे कलकत्त्यात राहून त्यांना बंगाली आले नव्हते. बाजारात त्या बोटाने दाखवून भाजी घेत. सदाशिवराव मुळात अबोल. दिवसभर त्यांच्याशी बोलणारी एकटी लीनाच होती. ती म्हणायची, "आजी, जल दे," आणि आजी म्हणायच्या, "पाणी म्हण." ती म्हणायची, "पाणी जल दे." मग आजी हसत. ती गेली की घर मुके होणार, हे त्यांना दिसत होते. पण तसे सांगण्यापेक्षा परमुलखाच्या हवेला दोष देणे सोपे होते.

तशातच त्यांनी पंचांग पाहिले. निघण्याचा दिवस वाईट निघाला. तिकिटे तर बदलता येत नव्हती. म्हणून त्यांनी प्रस्थान ठेवायचे ठरवले.

तुम्हाला ही चाल ठाऊक नसेल. प्रवासाचा दिवस चांगला नसला, तर आधीच्या चांगल्या वेळी प्रवाशाचे एखादे वस्त्र, सुपारी, हळकुंड आणि मूठभर तांदूळ दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवतात. प्रवास तेव्हाच सुरू झाला असे धरतात. निघताना ते उचलायचे आणि पुढे जायचे. एकदा उंबऱ्याबाहेर गेलेले प्रस्थान माघारी घरात आणायचे नाही. आणले तर ज्याचे ते वस्त्र, त्याला बाधते.

खालच्या मजल्यावर एक विधवा बंगाली बाई राहत. सगळे त्यांना माशिमा, म्हणजे मावशी, म्हणत आणि त्या वृंदाला बोउमा, म्हणजे सूनबाई, म्हणत. त्यांच्याकडे प्रस्थान ठेवायचे ठरले आणि त्यासाठी मला रिकामे केले. कालिंदीबाईंनी माझ्यात वृंदाची एक साडी ठेवली. तिच्या पदराला सुपारी आणि हळकुंड बांधले. लीनाचे काहीच ठेवले नाही.

वृंदाने ते पाहिले. कालिंदीबाई तांदूळ आणायला आत वळल्या, तशी ती गॅलरीत गेली, दोरीवरचा लीनाचा लाल चौकटीचा झगा तिने ओढला, माझ्यात साडीखाली सारला आणि पुन्हा भिंतीशी उभी राहिली. झगा पुरता वाळलाही नव्हता. 

"लाव कडी, वेळ टळेल," कालिंदीबाई येऊन म्हणाल्या. त्यांनी वरून तांदूळ टाकले. वृंदाने कडी लावली आणि मी जिना उतरले. एवढ्या वर्षांनी माझा पहिला प्रवास झाला, तो एका मजल्याचा.

माशिमांनी मला आपल्या तक्तपोसावर, म्हणजे लाकडी पलंगावर ठेवले. पण दुसऱ्याच दिवशी त्यांच्या मुलीचा शहराबाहेरच्या बजबजहून निरोप आला की तिला बरे नाही. माशिमांनी खिडक्या लावल्या, दाराला कुलूप घातले आणि त्या गेल्या. संध्याकाळपर्यंत परत येणार होत्या. तेवढ्यात शहरात बंद पुकारला गेला. लोकल थांबल्या, दुकाने मिटली, गल्लीत कोठेतरी बाँब फुटल्याचे आवाज येऊ लागले. माशिमा तिकडे अडकल्या आणि मी इकडे.

मित्रांनो, कपाटावर मला निदान छत दिसत होते. येथे नुसता काळोख होता. पोटातला ओला झगा कुबट होऊ लागला. वेताला ओल सोसत नाही. आत मला डाग पडत असल्याचे कळत होते, पण पेटीला ओरडता येत नाही.

वरून लीनाचे रडणे ऐकू येई. तिला तोच लाल झगा हवा होता. मग जिन्यावर पावले वाजली आणि माझ्या बंद दारापाशी सगळे थांबले.

"दोरीवरून झगा जाईल कुठे?" कालिंदीबाईंचा आवाज होता. "आणि प्रस्थान असं कुलपात पडलेलं. अशा वेळी कुणी घरातून हलायचं नसतं."

"आई," वृंदा म्हणाली, "झगा पेटीत आहे. मी ठेवला."



"कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही. विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता."

"सुपारी नाही, हळकुंड नाही, नुसता ओला झगा. ह्याला प्रस्थान म्हणतात होय?"

तेव्हा वरच्या पायरीवरून सदाशिवराव बोलले. "उंबऱ्याबाहेर गेला ना? आता माघारी आणशील, तर बाधेल कुणाला?"

"तुम्ही गप्प बसा. आजवर बसलात तसे."

"बसलो, तेच चुकलं," ते म्हणाले. "वृंदा, पोरीला घे. वर चला."

बाकीचे गेले, पण कालिंदीबाई गेल्या नाहीत. त्या कुलपाशी उभ्या होत्या. त्यांनी एकदा कुलूप ओढून पाहिले. मग त्या पायरीवर बसल्या असाव्यात, कारण त्यांच्या बांगड्या जमिनीवर वाजल्या. त्या पुष्कळ वेळ तेथे होत्या. आता मी आत आणि त्या बाहेर, दोघीही त्याच एका दारापाशी अडकलो होतो.

निघण्याच्या दिवशी सकाळी माशिमा आल्या. बंद उठला होता, पण लोकल अजून सुरू झाल्या नव्हत्या, म्हणून त्या बजबजच्या तेलाच्या डेपोतून सुटलेल्या लॉरीत ड्रायव्हरशेजारी बसून आल्या होत्या. त्यांच्या अंगाला रॉकेलचा वास येत होता. कुलूप काढता काढता त्या बंगालीत करवादत होत्या, "जावयाच्या घरी इतके दिवस राहायचं म्हणजे लाज वाटते, बाई. त्यांचा पंखा, त्यांचा चहा. आणि तो ड्रायव्हर सारखा पान थुंकतोय. काय गं बोउमा, अशी काय पांढरीफटक झालीस?"

वृंदा लीनाला कडेवर घेऊन दारात उभी होती. तिच्याने आत पाऊल टाकवेना. कालिंदीबाई तिच्या बाजूने सरळ माझ्यापाशी आल्या. त्यांनी माझी कडी उघडली, साडी बाजूला केली आणि लाल झगा बाहेर काढला.

वृंदाने डोळे मिटले. झगा आता जिना चढून वर गेला असता, तर सगळे संपले असते.

कालिंदीबाईंनी झगा नाकाशी धरला. "ओला ठेवलास," त्या म्हणाल्या. "वास मारतोय. हा घालून नेलास तर पोरीला बोटीवर खोकला होईल." मग त्या माशिमांकडे वळल्या आणि हाताने दोरी ताणल्यासारखे करून दाखवले. माशिमांना कळले. त्यांनी आपल्या अंगणातली दोरी दाखवली. झगा घरी गेला नाही. खालच्याच अंगणात उन्हात पडला.

तो वाळेपर्यंत कालिंदीबाई तेथेच बसून राहिल्या. मग त्यांनी कनवटीची सुपारी काढली, झग्याच्या कोपऱ्यात बांधली आणि तो घडी करून माझ्यात ठेवला.

"आजी, तू पण चल," लीना म्हणाली.

"मला कोण विचारतंय? माझं प्रस्थान कुठे ठेवलंय कुणी?" असे म्हणून त्यांनी तिच्या तोंडावरून हात फिरवला. "तिथे पाणी म्हणायचं हं. जल म्हणालीस तर कोणी देणार नाही." वृंदाकडे न बघता त्या पुढे म्हणाल्या, "पेजेत मीठ कमी घाल तिच्या. तुझा हात सैल आहे."

वृंदा वाकून पाया पडली. 

लीनाचे बाकीचे सामान खाली आणून माझ्यात भरले, तोवर टॅक्सी आली. माशिमा कपाळाला हात लावून "दुर्गा, दुर्गा" म्हणाल्या. सदाशिवरावांनी मला उचलून टॅक्सीत ठेवले. कालिंदीबाई हावड्याला आल्या नाहीत. टॅक्सी वळली तेव्हा त्या माशिमांच्या दारात उभ्या होत्या आणि मराठीत काहीतरी बोलत होत्या. माशिमा मान हलवून बंगालीत उत्तर देत होत्या. पुढे सदाशिवरावांच्या पत्रांतून कळले की दोघींचे हे बोलणे रोज दुपारी चालू राहिले. कोणाला काय कळत होते, हे त्यांनी लिहिले नाही.

आगबोटीवर लीनाला एकदाही खोकला झाला नाही. वृंदाला बोट लागली आणि लीनाने माझ्यातून आवळासुपारी काढून तिला भरवली. दारेसलामला मी लीनाची खेळण्यांची पेटी झाले. माझ्यावर बसून ती जेवली, माझ्यावर उभी राहून खिडकीतून समुद्र बघायला शिकली. माझी एक बाजू त्यानेच वाकली. ती माझी सुखाची वर्षे.

आता लीना पुण्यात असते आणि तिचीच मुले मोठी झाली आहेत. तिने मला काचेच्या कपाटात ठेवले आहे. "फार जुनी आहे, हात लावू नका," असे ती सगळ्यांना सांगते. ती हे मायेने सांगते, मला ठाऊक आहे. कालिंदीबाईंचीही मायाच होती.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी पेटी असेल, तर तिला अधूनमधून उन्हावाऱ्यावर ठेवा. ओले कपडे तिच्यात कोंबू नका. आणि जपायचे म्हणून तिला कोंडून ठेवू नका. तिच्यात काहीतरी भरा आणि तिला कोठेतरी न्या. फार लांब न्यायला हवे असे नाही. खालच्या मजल्यापर्यंत नेलीत तरी चालेल.