अकरा जोड

संयोगिताच्या वहीत सकाळपासून चार नोंदी झाल्या होत्या. आठ, साडेआठ, नऊ, साडेनऊ. दर वेळी इंटरनेटचं कनेक्शन तुटलं होतं ते बरोबर या ठोक्याला, फार तर मिनिटभर इकडंतिकडं. तीन वर्षं भौतिकशास्त्र शिकलेल्या पोरीला एवढं कळत होतं की बिघडलेली वस्तू घड्याळ बघून बिघडत नाही. घड्याळ माणूस बघतो.

दहाला एक मिनिट कमी असताना ती मॉडेम चालू ठेवून सोप्याच्या दारात येऊन उभी राहिली. तिचे वडील, आण्णा, खुर्चीत ताठ बसले होते. त्यांनी मनगटावर नजर टाकली, फोन उचलला, कानाला लावला, मान हलवली आणि परत ठेवला. आतल्या खोलीत कॉम्प्युटरनं 'टुंग' केलं.

"आण्णा, काय करताय?"

"लाइन चेक करतोय."

"दर अर्ध्या तासाला?"

"मग? सिग्नलमधी चोवीस वर्षं त्येच केलं. तपासली न्हाई ती लाइन मेली समजायची."

"तुमी उचलला की माझं आत तुटतंय."

"आगं, मला काय म्हाईत! लय कर्रकर्र ऐकू यायचं. म्हटलं, लाइन जिती हाय."

आण्णा, म्हणजे हवालदार आकाराम, लष्करातून निवृत्त होऊन पाटणच्या पलीकडं आपल्या मळ्यात राहायला आले, तेव्हा टेलिफोनचे खांब सडकेवरच्या धनाजीकाकाच्या पिठाच्या गिरणीपाशीच संपत होते. पुढं चारशे मीटर रान. आण्णांनी अर्ज-विनंत्या केल्या नाहीत. लष्करी लिलावातून घेतलेली फील्ड केबल त्यांनी गिरणीच्या भिंतीवरच्या टेलिफोनच्या डबीपासून बाभळी, आंबे आणि कळकाच्या काठ्यांवरून एकट्यानं घरापर्यंत आणली. तुकडे होते, म्हणून मध्ये अकरा जोड. गावानं वाहवा केली. सहा वर्षं फोन बिनतक्रार चालला.

आता त्याच तारेवर संयोगिताचं पुढचं आयुष्य अडकलं होतं. पुण्याला एम.एस्सी.च्या यादीत तिचा सदतिसावा नंबर लागला होता. जागा चाळीस. 'प्रवेश घेणार आहे' असं विद्यापीठाच्या वेबसाइटवर आज संध्याकाळी पाचच्या आत भरायचं होतं. नाही भरलं तर जागा पुढच्याला. असल्याच कामांसाठी आण्णांनी पंधरा दिवसांपूर्वी कराडहून नवा कॉम्प्युटर आणला होता, मांडीवर पडदा धरून, जीपमध्ये बसून.

आण्णांनी फोनला हात लावायचा बंद केला, त्यानंतर कनेक्शन तुटलं नाही. पण वेग वाढला नाही. दुकानात हाच कॉम्प्युटर सेकंदाला चव्वेचाळीस हजार बिटांच्या वेगानं जोडला गेला होता; इथं मॉडेम किंचाळून किंचाळून ९,६०० वर यायचा. पान वरून खाली असं उतरायचं की विद्यापीठाचं बोधचिन्ह अर्धं दिसेपर्यंत आई एक भाकरी थापून भाजून काढायची. फॉर्म दोनदा पूर्ण आला. दोन्ही वेळा तिनं भरून पाठवला आणि दोन्ही वेळा पलीकडून उत्तर आलं, की फार वेळ लागला, पुन्हा सुरुवात करा.

तिनं सॉफ्टवेअर काढून पुन्हा घातलं होतं, मॉडेमची वायर बदलली होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लिहून ठेवायची. आता एकच उरलं होतं. बाराच्या सुमारास तिनं फोनचं यंत्रच उचललं आणि गिरणीची वाट धरली.

"काय गं, फोन दळायला आणलास व्हय?" धनाजीकाका पिठाळलेल्या भुवया उडवत म्हणाले.

"काका, जरा डबी उघडू?"

"उघड की. मिल्ट्रीची लाइन बसली वाटतं?"

डबीतून घराकडं जाणारी तार तिनं सोडवली आणि यंत्र तिथंच जोडलं. स्वच्छ सूर. घरी त्याच सुरामागं सतत खरखर असायची, बोलताना कुणाच्या लक्षातही न येणारी. तिनं तार परत जोडली आणि येताना त्या तारेखालून चालत आली. तीन जोडांवरची पट्टी सुटली होती आणि आतलं तांबं हिरवं पडलं होतं.

"तार खराब हाय," तिनं घरी येऊन सांगितलं. "गिरणीपर्यंत सगळं चांगलंय."

आण्णा खुर्चीतून उठले. "माझी तार?"

"तीन जोड फक्त. बोलायला चालतंय, पण कॉम्प्युटरला—"

"लडाखात उणे वीसमधी टिकल्यात असले जोड."

"मग मी दीडच्या एस्टीनं कराडला जाते. कॅफेतनं भरून येते."

"घरात नवं मशीन असताना दुकानात? लोकं काय म्हणतील? मी करतो दुरुस्त. तासाभराचं काम."

ती थांबली. पुढं कितीतरी दिवस तिला हाच क्षण आठवत राहिला. कुणी हात धरला नव्हता, दीडची एस्टी सहज मिळत होती, आणि ती थांबली ती बापाचं तोंड उतरलेलं बघवेना म्हणून.

"तीनच जोड करा, आण्णा. खुणा केल्यात मी."

"तीन नवे आन् आठ जुने? असलं काम आमच्यात न्हाई." आण्णांनी पेटीतून पक्कड, सुरी आणि काळी पट्टी काढली. पहिल्या बाभळीवर शिडी लावून त्यांनी तार कापली.

अडीचला चौथा जोड चालू होता. संयोगितानं आत येऊन कॉम्प्युटरच्या वायरी काढायला घेतल्या. गिरणीत वीज होती, डबी होती, पाच मिनिटांचं काम होतं. आण्णा पाणी प्यायला दारात आले आणि तिथंच थबकले.

"काढ, काढ. धनाजीच्या दारात न्हे आन् सांग, बापाला चोवीस वर्षांत तार जोडायला आली न्हाई म्हणून."

"आण्णा, पाचच्या आत—"

"पाचच्या आत देतो म्हटलं ना?"

आई चुलीपाशी उठून उभी राहिली. "राहू दे गं. आता नेलंस तर जन्मात बोलायचे न्हाईत."

संयोगितानं वायरी परत लावल्या. एकेक, जागच्या जागी.

सव्वातीनला ती शिडी धरून उभी होती. आण्णा सुरीनं तारेचे पदर खरवडत होते, तांब्याचे वेगळे, पोलादाचे वेगळे. मग पीळ. पीळ मोजून सहा. मग पट्टी, अर्धी अर्धी चढवत. हात सुरेख चालत होता. असल्या कामात चूक काढायला जागा नव्हती, आणि हेच तिला सहन होत नव्हतं.

"आण्णा, चार वाजले."

"तीनच ऱ्हायल्यात."

"पावणेपाच झाले."

"घाईत केलेला जोड सुटतो, पोरी."

पाच वाजून आठ मिनिटांनी शेवटची पट्टी बसली. संयोगिता आत गेली. तिला उत्तर माहीत होतं, तरी प्रयोग पुरा करायचा म्हणून तिनं जोडणी केली. मॉडेम एकदाच किंचाळला. कोपऱ्यात आकडा आला: ४५,३३३. पान डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडलं, बोधचिन्हासकट, आणि फॉर्मच्या जागी एकच ओळ होती. प्रवेश निश्चितीची मुदत संपली आहे.

"किती?" आण्णा घाम पुसत आले.

"पंचेचाळीस हजार."

"दुकानापेक्षा जास्त!" ते आईकडं वळले. "बघितलंस? दुकानापेक्षा जास्त!"

"मुदत संपली, आण्णा."

"किती उशीर झाला?"

"तेरा मिनटं."

"तेरा मिनटांनी कुठं काय हुतंय? माणसंच हाईत ती. फोन लाव. सांग, हवालदाराची मुलगी हाय, लाइन डाउन हुती."

माणसं नव्हती, यंत्र होतं. पण ते समजावून सांगण्याचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. तिनं सोप्यात जाऊन यादीवरचा विभागाचा नंबर फिरवला. दीडशेहून अधिक किलोमीटरवर, बंद कचेरीत, कुठल्या तरी टेबलावर घंटी वाजू लागली. कुणी उचलत नव्हतं.

आण्णांनी तिच्या हातातून रिसीव्हर हळूच घेतला आणि कानाला लावला. घंटी वाजत राहिली. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

"आईक," ते रिसीव्हर तिच्यापुढं धरत म्हणाले. "जरासुदिक खरखर न्हाई."