पायांची मिठी

"आरं, उठलास कशापायी? ही काय जत्रंतली कुस्ती हाय व्हय?" हवालदार कानिफनाथ माझ्यावर खेकसले.

मी शांतवनला चीतपट केलं होतं. दोन्ही खांदे मातीला! आमच्या गावी तिथंच कुस्ती संपायची. म्हणून सवयीनं मी उठलो आणि त्याला हात द्यायला वाकलो. तेवढ्यात त्या पठ्ठ्यानं मला खाली ओढलं आणि कमरेला दोन्ही पायांची मिठी मारली. मी जो अडकलो तो अडकलोच. पहिली झोंबी गेली.

त्रेचाळीस साल होतं. नगरच्या छावणीत आम्हाला जपानी पद्धतीची झोंबी शिकवत होते. तिच्यात उताणा पडलेला माणूस हरलेला नसतो. तो पायांनी तुम्हाला धरून ठेवतो. ठरलेल्या वेळेत ते पाय ओलांडून त्याच्या छातीवर बसाल, तर तुम्ही जिंकलात; नाहीतर तो जिंकला. म्हणजे लहानपणापासून शिकलेलं सगळं उलटं!

मी आणि शांतवन जामखेडकडच्या एकाच गावचे. गावच्या तालमीत आम्हा ख्रिस्ती पोरांना कोण घेतंय? नदीच्या वाळूत एकमेकांना पाडून आम्ही कुस्ती शिकलो. आता पलटण ब्रह्मदेशाला निघाली होती आणि नवे रंगरूट शिकवायला एकच जण नगरला राहणार होता. शेवटी उरलो आम्ही दोघं. तीन झोंब्या, दोन जिंकेल तो राहील.

माझ्या बायकोला, दयाला, नववा लागला होता. आधीची दोन पोरं आम्ही पुरली होती. "तुमी गेलात तर हे बी जाईल," असं ती रोज म्हणायची आणि मी तिच्यावर ओरडायचो, कारण मलाही तसंच वाटायचं.

दुसऱ्या झोंबीत मी डोकं ठिकाणावर ठेवलं. "छाती बघू नगं, मांडी बघ!" हवालदार ओरडत होते. मी शांतवनच्या मांडीवर गुडघा दाबला, सगळं वजन तिथंच टाकलं आणि सरकत छातीवर गेलो. बरोबरी झाली.

तिसऱ्या वेळी तो पडला, पण पडता पडता त्यानं माझ्या कमरेमागे उजवा घोटा डाव्यावर चढवला. देवा! ही मिठी मला ठाऊक होती. वाळूत तीन-तीन पोरांनी ओढूनही ती कधी सुटली नव्हती. मी कोपर रोवलं, गुडघा घुसवला, पुन्हा होतो तिथंच आलो. घाम डोळ्यांत उतरला. हवालदारांच्या हातात घड्याळ होतं. वेळ संपली की मी हरणार होतो.

"शांतवना," मी पुटपुटलो. भीक मागत होतो, दुसरं काय!

त्यानं माझ्याकडे पाहिलं. घोटे ढिले झाले. मी मांडी ओलांडली आणि त्याच्या छातीवर बसलो.

"शाब्बास!" हवालदार म्हणाले. मला लाजेनं मान वर करवेना.

नळावर तोंड धुताना शांतवन म्हणाला, "दान्या, पोरगं झालं की माज्या आईला दाखवून आन. लई एकली हाय ती."

"तू मुद्दाम पाय सोडलेस."

"गप ए. दम लागला हुता मला."

मुलगी झाली, आणि जगली. ती वर्षाची व्हायच्या आधीच शांतवन लढाईत गेल्याची तार गावाकडे आली.

मी दयाला आणि पोरीला घेऊन त्याच्या आईकडे, दीनामावशीकडे गेलो. म्हातारीनं पोरीला कडेवर घेतलं. वाटेत सगळं घोकून गेलो होतो. तिथं एवढंच बोलता आलं.

"मावशी, त्या दिवशी त्यानं जानूनबुजून पाय सोडले. म्हनून मी हितं हाय आन् त्यो न्हाई."

मावशीनं पोरीला थोपटलं. मग तिला खाली ठेवायला वाकली, तर पोरगी उतरेना. दोन्ही पायांनी तिनं म्हातारीची कंबर घट्ट धरली होती. दया ओशाळली आणि पोरीचे पाय सोडवायला पुढे झाली.

"ऱ्हाऊ दे गं," मावशी म्हणाली. "सोडवू नगंस."