भोक राहिलेला मणी

ठमीच्या मुठीतून काही काढून घ्यायचं तर आधी तिला हसवावं लागे. ओढाताण केली की मूठ आणखी घट्ट, वर भोकाड. म्हणून तिच्या आईने तिच्या तळपायाला गुदगुल्या केल्या, ठमी खिदळली, मूठ उघडली आणि चांदीचा एक मणी चटईवर टपकन पडला.

"अगं बये, हा कुठून काढलास? गिळला असतास म्हणजे?"

ठमीला वर दोन आणि खाली दोन दात आले होते. त्या चारही दातांनी ती हसली.

ठमीच्या आईला गावातल्या धातुकला मंडळात सगळे 'धाकटी' म्हणत, कारण वयानेही ती धाकटी आणि सभासद म्हणूनही सर्वांत नवी. मंडळाच्या मासिक पत्रकाचं काम तिच्याकडे होतं आणि आत्ताही समोर तोच कागद पडला होता. जाळीकामाचा वर्ग पुढच्या शनिवारी. जुन्या हातोड्यांची अदलाबदल, ज्याने त्याने आपला दांडा घट्ट आहे ना ते बघून आणावा. प्रदर्शनाची मांडणी महिनाअखेरीला. आणि शेवटी सगळे आधी वाचत ते सदर, 'वितळलं ते'. ज्याची त्याची चूक ज्याने त्याने सांगायची आणि धाकटीने ती खुसखुशीत करून लिहायची. मागच्या महिन्यात मंडळातल्या कोरीवकामवाल्या काकांनी लोखंडी चिमटा चांदी साफ करायच्या आम्लाच्या पाण्यात बुडवला होता आणि त्यात टाकलेली सगळ्यांची चांदी लालसर होऊन निघाली होती. धाकटीने लिहिलं होतं, 'काकांनी चांदीचं तांबं करून दाखवलं. उलटं जमेल त्या दिवशी पेढे वाटू.' काका तोंडावर हसले होते, पण म्हणाले होते, "लिही, लिही. तुझाही दिवस येईल, धाकटे."

तिने मणी पदराला पुसला, सवयीने उजेडाकडे धरला आणि तिचा हात तसाच हवेत राहिला.

मण्याच्या टोकाला, जिथे कडी जोडायची त्याच्या अगदी शेजारी, मोहरीएवढं भोक होतं.

त्या आठवड्यात तिने दोन मणी केले होते. गॅलरीतल्या टेबलावर, ठमीच्या झोपेच्या तुकड्यातुकड्यांत. पत्र्याच्या दोन वाट्या ठोकायच्या, तोंडाला तोंड लावून डाखाने, म्हणजे वितळणाऱ्या जोडधातूने, जोडायच्या, की पोकळ मणी तयार. पण जोडण्याआधी एका वाटीला भोक पाडायचं, हा पहिला धडा. पहिल्या मण्याच्या वेळी ती भोक पाडायला उठणार तेवढ्यात ठमी रडत उठली. तिला थोपटून परत येईपर्यंत हातांनी पुढचं काम करून टाकलं. चूक लक्षात आली तेव्हा मणी जोडला गेला होता, गरम असतानाच आम्लाच्या पाण्यात पडून निवलाही होता. तिने तो बाजूला ठेवला आणि दुसरा केला. दोन्हींवर सारखंच पान कोरलेलं, दोन्ही सारखेच गोल. दुसरा कागदात गुंडाळून परवा मंडळात नेऊन दिला.

म्हणजे, दुसरा दिला असं तिला वाटत होतं. दुसरा तर तिच्या हातात होता, ठमीच्या लाळेने ओला.

भोक नसलेल्या मण्याचं पोट रिकामं राहत नाही. गरम मणी पाण्यात टाकला की आतली हवा आक्रसते आणि सांध्यात डोळ्याला न दिसणारी फट असली तर पाणी आत ओढून घेते. मग तो निमूट बसून राहतो. पुन्हा आच लागली की त्या पाण्याची वाफ होते, वाफेला वाट सापडत नाही आणि मणी फुटतो. फुटतो म्हणजे तडकत नाही, उडतो. गोळीसारखा.

आणि आज मंडळात मावशी मणी जोडत होत्या.

दर प्रदर्शनाआधी हा दिवस येई. प्रत्येक सभासदाने एक पोकळ मणी द्यायचा, नव्याचा मणी साखळीत गेला की तो पक्का सभासद, सगळ्यांना कड्या मावशींनीच लावायच्या आणि मंडळाची साखळी तेवढ्याने लांब करायची. मावशींनीच हे मंडळ उभं केलं होतं. त्यांचा डावा डोळा तीस वर्षांपूर्वी असल्याच एका मण्याने गेला होता. तो आता उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा दिसे. उजव्यावर त्या चष्मा लावत नसत. धूर धरतो म्हणत, आणि चष्मा कपाळावर सरकवून ठेवत. काम करताना चेहरा ज्योतीपासून वीतभर लांब.

तिने मावशींना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. फोन वाजत होता तो दाराशी ठेवलेल्या पत्र्याच्या डब्यात, हे तिला ठाऊक होतं. जोडकामाची गॅसबत्ती पेटवण्याआधी सगळ्यांनी फोन त्या डब्यात टाकायचे आणि काम संपेपर्यंत हात लावायचा नाही, हा मावशींचाच नियम. तिसऱ्यांदाही कुणी उचलला नाही तेव्हा तिला हायसं वाटलं. ते हायसं वाटणं तिला स्वतःलाच कळलं आणि ती शरमली.

पावणेअकरा झाले होते. काम दहाला सुरू झालेलं. एकोणीस मणी, एकेकाला पाच मिनिटं, आणि ती सर्वांत नवी म्हणून तिचा मणी शेवटी. साडेअकरा. मंडळापर्यंत भरभर चालत पंधरा मिनिटं. वेळ आहे, तिने स्वतःला सांगितलं. ठमी पेंगुळली आहे, तिला पाजून निजवते आणि निघते.

ठमी अजिबात पेंगुळली नव्हती. धाकटीने तिला मांडीवर घेतलं, पाजलं, थोपटलं. आणि थोपटता थोपटता तिच्या डोक्यात नको ते चालू राहिलं. भोक राहिलेला मणी आणला की तो साखळीत जात नाही आणि आणणारा आणखी एक वर्ष कच्चा. शिवाय 'वितळलं ते'मध्ये स्वतःच्या हाताने स्वतःचं. काका काय म्हणतील ते तर तिला आत्ताच ऐकू येत होतं. कदाचित मण्यात पाणी गेलंही नसेल. सांधा चांगला बसला होता. कदाचित कड्या लावताना मावशींच्या लक्षात येईल. येणार नाही का? येईलच.

ठमीने दूध सोडलं, मान वळवून आईकडे पाहिलं आणि तिच्या डोळ्याकडे बोट नेलं. ही तिची नवी खोड होती. डोळा दिसला की बोट. धाकटीने पापणी मिटली आणि ते इवलं बोट पापणीवर टेकलं. तिने थोपटणं थांबवलं.

आतल्या खोलीतून सासूबाई कपाचा तुटलेला कान घेऊन बाहेर आल्या.

"बघितलंस? तुझ्या नवऱ्याचे पराक्रम. कप फोडला आणि कान साखरेच्या डब्यामागे लपवून ठेवला. एवढा बाप्या झाला तरी लहानपणीची सवय जाईना. अरे, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का?" मग सुनेकडे नीट बघत त्या थांबल्या. "तुला काय झालं गं? तोंड का असं पडलंय?"

"आई, ठमीला घ्या. मला मंडळात जायचंय."

"आत्ता? ती झोपायच्या वेळेला?"

"माझ्या हातून एक वाईट गोष्ट झालीय."

सासूबाईंनी कपाचा कान टेबलावर ठेवला आणि हात पुढे केले. "जा. रडली तर रडली. रडण्याने कुणी मरत नाही."

घड्याळात अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती.

भोकवाला मणी मुठीत धरून ती निघाली. आधी भरभर चालली, मग पळू लागली. चपलेचा अंगठा निसटत होता. कुलूपवाल्याच्या दुकानाशी कुणी 'सांभाळून' म्हणालं. शाळेच्या भिंतीकडेने वळताना तिच्या बरगडीखाली कळ उठली. रस्त्यावर सगळं नेहमीसारखं चाललं होतं. एक माणूस शिडी धरून उभा होता, दुसरा वर चढून दुकानाची पाटी पुसत होता. आणि तिच्या डोळ्यांपुढे एकच होतं, मावशींचा चांगला, तपकिरी डोळा आणि त्याच्यापासून वीतभरावर तिच्या हातचं पान. मोजून बघ, ती स्वतःला सांगत होती. एकोणीस मणी, पाच मिनिटं. मोजून बघ.

मंडळाची जागा छापखान्याच्या मागे होती. दारातच कोरीवकाका स्टुलावर बसून पॉलिशचं फडकं झटकत होते.

"या, संपादकबाई. आज काय वितळलं?"

"किती मणी झाले?" तिला धाप लागली होती.

"आता शेवटचा. तिघांनी आणलेच नाहीत, सोळाच होते. का गं?"

ती त्यांना ओलांडून आत धावली.

बत्तीच्या खोलीच्या दाराला काचेची चौकट होती. आत मुद्दाम अंधुक ठेवलेलं असे, म्हणजे तापलेल्या धातूचा रंग नीट दिसतो. त्या अंधारात निळी ज्योत फुसफुसत होती आणि तिच्यापुढे, विटेवर, चिमट्यात धरलेला मणी. त्यावरचं पान इथूनही ओळखू येत होतं. कडीजवळची सवागी, डाख नीट धावावा म्हणून लावलेला खार, फुगून पांढरी झाली होती. ती वितळून काचेसारखी पारदर्शक झाली की डाख धावतो. मावशी नेमक्या त्याच क्षणाची वाट बघत आणखी खाली वाकल्या होत्या. चष्मा कपाळावर.

ओरडायचं नाही. पेटलेली बत्ती हातात असलेल्या माणसाला दचकवायचं नाही, मग आभाळ कोसळो. हाही पहिल्याच दिवसाचा धडा होता. मावशी दचकल्या तर तोंड आधी मण्याकडेच जाणार. धाकटीने ओठ दाताखाली धरले. दाराच्या बाहेरच गॅसचं सिलिंडर होतं. तिने चावी धरली. घामाने बोटं घसरली. पुन्हा धरली, फिरवली, आणि फिरवतच राहिली.

आत ज्योत बारीक झाली, पिवळी झाली आणि फट् करून विझली.

"गॅस कुणी बंद केला?" मावशींनी मान वर केली.

धाकटीने दार ढकललं. "मावशी, मागे सरा. मण्याला भोक नाहीये."

मावशी उठल्या, तीन पावलं मागे आल्या आणि तिच्या शेजारी उभ्या राहिल्या. मणी विटेवर तसाच होता. सांध्यातून अगदी बारीक, डास गुणगुणावा तसा आवाज येत होता. दोघी तो ऐकत राहिल्या. काकाही फडकं हातात धरून दारात येऊन उभे राहिले. आवाज कमी कमी होत गेला आणि मग नुसती भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक उरली.

तरीही मावशींनी पुरता पाव तास कुणाला हात लावू दिला नाही.

मग त्यांनी तो पूर्ण निवलेला मणी चिमट्याने उचलला, चष्मा डोळ्यांवर ओढला आणि हातड्रिलने त्याला बारीक भोक पाडलं. मणी उपडा करून पांढऱ्या कागदावर हलकेच आपटला. एक थेंब पडला. पुन्हा आपटला. दुसरा, आणि मग अर्धवट तिसरा. कागदावर आम्लाच्या पाण्याचे निळसर डाग पसरत गेले.

"अडीच थेंब," मावशी म्हणाल्या. "माझ्या वेळेला एवढेही नसतील."

काकांनी स्टूल धाकटीपुढे सरकवलं. टोमणा मारला नाही, आणि ते तिला जास्त लागलं.

"तुला कधी कळलं?" मावशींनी विचारलं.

"आज सकाळी. मुलीच्या हातात दुसरा मणी सापडला तेव्हा."

"किती वाजता?"

धाकटीला वाटलं, अकरा म्हणावं. अकरा म्हटलं तर सगळं जमत होतं. पंधरा मिनिटांची वाट, थोडं बाळाचं, कुणी काही विचारणार नव्हतं.

"पावणेअकराला."

मावशींनी घड्याळाकडे पाहिलं नाही. मघाशी ज्योत विझली तेव्हाच पाहिलं असावं. "तू इथे अकरा वीसला पोचलीस. तुझं घर पंधरा मिनिटांवर. मधली वीस मिनिटं?"

"फोन केला होता. कुणी उचलला नाही. मग..." ती थांबली. "मग ठमीला थोपटत बसले. ती झोपत नव्हती तरी. एक वर्ष कच्ची राहीन म्हणून भीती वाटली. वाटलं, पाणी गेलं नसेल."

मावशींनी चष्मा काढला. पांढरा डोळा आणि तपकिरी डोळा, दोन्ही तिच्याकडे होते.

"हा डोळा गेला ना, तो मणी ज्याने केला त्याला आदल्या दिवसापासून माहीत होतं. दुसऱ्या दिवशी माझ्याच शेजारी बसला होता तो. चहा पीत." त्या कागदावरच्या डागांकडे बघत होत्या. "नंतर खूप वर्षांनी सांगितलं. रडला. मी काय करू त्या रडण्याचं?"

धाकटीने घाबरतच मूठ उघडली. भोकवाला मणी घामाने चिकटला होता. मावशींनी तो घेतला, उजेडाकडे धरला, पानावरून नख फिरवलं.

"चांगला झालाय. घरी ने. यंदाच्या साखळीत नाही."

"हो."

"पत्रकाचा मजकूर आज द्यायचा आहे ना?"

"हो."

"मग इथेच बसून लिही. आणि भोक राहिलं एवढंच लिहू नकोस. भोक कुणाचंही राहतं." मावशींनी बत्तीची नळी गुंडाळायला घेतली. एरवी दोन वेढ्यांत होणारं काम होतं. आज नळी त्यांच्या हातून दोनदा सुटली आणि दोन्ही वेळा धाकटीने दुसरीकडे पाहिलं. "मिनिटं लिही."

काकांनी कुठूनसा कागद आणि पेन आणून तिच्यापुढे ठेवलं. तिने वर 'वितळलं ते' लिहिलं. एरवी पहिली ओळ हसत हसत सुचायची. आज तिने साधंच लिहिलं, 'माझ्या मण्याला भोक नव्हतं. हे मला पावणेअकराला कळलं. मी अकरा पाचला घरातून निघाले.'

मग दाराशी जाऊन तिने डब्यातला कुणाचा तरी फोन मागून घेतला आणि घरी लावला. पलीकडून ठमीचं रडणं ऐकू आलं, मोठं, खणखणीत. धाकटी बराच वेळ ते नुसतं ऐकत उभी राहिली.