दाराचा रंग

"तुमचं पार्सल अडकलंय" असा मेसेज आला, चावीवाल्या आप्पांनी लिंक दाबली आणि बँकेतलं खातं साफ झालं. त्यानंतर मुलीने नियम घालून दिले. अनोळखी लिंक दाबायची नाही. ओटीपी कुणाला सांगायचा नाही. घरचं कुणी नव्या नंबरवरून बोलू लागलं, तर आधी विचारायचं: आपल्या दुकानाच्या दाराचा रंग कोणता?

"जगाची कुलपं उघडता आप्पा, आणि स्वतःचं दार सताड!"

"कान पकडले, बाई."

मुलगा भांडून गेला, त्याला सात वर्षं झाली होती. "पुन्हा तोंड दाखवू नकोस," हे आप्पांचेच शब्द. तेव्हापासून त्यांनी स्वतःचा नंबर मात्र बदलला नव्हता.

मंगळवारी सकाळी मेसेज आला. "आप्पा, मी. नंबर नवा आहे. बोलायचंय."

आप्पांच्या हातातली कानस खाली पडली. चष्मा पुसून त्यांनी एकेक अक्षर शोधत प्रश्न लिहिला.

मिनिटभरात उत्तर आलं. "निळा."

दार हिरवं होतं. आप्पांनी नंबर ब्लॉक केला.

"आज एकाला पकडला," संध्याकाळी त्यांनी मुलीला सांगितलं. "तुझा भाऊ बनून आला होता."

"मेल्यांना काही लाज?" ती म्हणाली.

शनिवारी दुकानाचंच कुलूप अडकू लागलं. आप्पांनी चार स्क्रू काढले, दारावरची जुनी पितळी पट्टी सोडवली. पट्टीखाली वीतभर लाकूड निळं होतं.

मुलगा गेल्यानंतर दोन वर्षांनी दार हिरवं झालं होतं. रंगाऱ्याने आळस केला, पट्टी न काढता भोवतीने ब्रश फिरवला. ती पट्टी बसवली तेव्हा मुलगा दहा वर्षांचा होता. स्क्रू त्याने ओठांत धरले होते.

आप्पांनी नंबर अनब्लॉक केला आणि फोन लावला. नंबर बंद होता. पुन्हा लावला. बंद.

मग त्यांनी लिहिलं, "निळाच होता. ये."

मेसेजखाली एकच खूण उमटली. दुसरी उमटेना.

मुलगी डबा घेऊन आली. "आप्पा, पट्टी लावायची राहिली की."

"राहू दे," ते म्हणाले. "उघडीच राहू दे."